अकरा बेडची ओव्हर

इंद्रायणीनं वॉर्डाचं दार अर्धं लोटलं, चौकटीला आडवा हात लावला आणि बाहेरच्या माणसाला सांगितलं, “भेटायची वेळ चार ते सहा.”

“मी भेटायला न्हाय आलो, सिस्टर. न्यायला आलोय.”

“डिस्चार्जचा कागद?”

माणूस ओशाळला. अंगात साधा हाफ शर्ट, पायात झिजलेली चप्पल, काखेत कापडी पिशवी. ही मंडळी रेड्यावरून येतात असं ज्यांनी लिहून ठेवलं त्यांनी एकालाही जवळून पाहिलेलं नसणार. तालुक्याच्या कचेरीत एखादा जुना शिपाई असतो, तसा हा दिसत होता. चार नंबरच्या शिवबाईसाठी तो सकाळपासून दुसऱ्यांदा जिना चढून आला होता.

“कागदबिगद आमच्यात नसतो हो.”

“मग नेता यायचं नाही. बाईचं औषध आजच बदललंय. चोवीस तास तरी बघू द्या की. आल्यापासून नुसता पिच्छा पुरवलाय.”

त्यानं पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली. वॉर्डात तो इंद्रायणीशिवाय कुणालाच दिसत नव्हता आणि त्याला कारणही तसंच होतं. स्टाफ नर्स इंद्रायणी सुरवसे पाच वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, याच वॉर्डात मेलेली होती.

“रागावू नका, सिस्टर,” तो म्हणाला, “पण तुमचंबी नाव आमच्या यादीत पाच वर्षं तसंच पडून हाय.”

“माझी ओव्हर राहिलीय. ओव्हर दिल्याशिवाय मी वॉर्ड सोडत नसते.”

“ते ठावं हाय. पर ज्या बाईला द्यायचीया, ती आज दोनाला रिटायर होतीया. दोन वाजल्यावर ती हितली कुणी न्हाय. मग देणार कुणाला? तुमचं नाव यादीतनं काडावं लागंल. म्हंजे कायमचं हितंच.” त्यानं आवाज खाली आणला. “वाईट वाटलं म्हणून सांगितलं. मी उद्या येतो.”

तो जिना उतरून गेला. इंद्रायणीनं घड्याळाकडं पाहिलं. साडेअकरा झाले होते.

नर्सिंगमध्ये इंजेक्शन धरायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. पाळी संपली म्हणून पर्स उचलून चालू लागायचं नसतं. पुढच्या पाळीची सिस्टर आली की तिला एकेका बेडपाशी न्यायचं, कुणाला काय दिलं, काय द्यायचंय, कुणावर डोळा ठेवायचा ते सांगायचं, आणि तिनं वहीत सही करायची. याला ओव्हर म्हणतात. ड्युटीच्या तक्त्यावर जिचं नाव असेल तिनंच ती घ्यायची. ती येईपर्यंत पहिलीनं हलायचं नाही, मग घरी पोर रडत असो नाहीतर आभाळ कोसळो. इंद्रायणी तर मरूनसुद्धा हलली नव्हती.

त्या एप्रिलात तिची लागोपाठ तिसरी डबल ड्युटी चालू होती. अकरा बेड, अकरा पेशंट आणि ती एकटी. दुपारी दोनची पाळी लीलाताई हिरेमठांची होती. त्या आल्याच नाहीत. ताप आला, म्हणे. ताप! त्या दिवसांत सोलापुरात भिंतींनासुद्धा ताप होता. दीडच्या सुमाराला इंद्रायणीनं टेबलावर डोकं टेकलं, मिनिटभर म्हणून. पाच वाजता वॉर्डातल्या कमरबी मावशीनं हलवून बघितलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मधल्या वेळात वॉर्डात सिस्टर नव्हती, आणि नऊ नंबरची भागव्वा पुजारी त्या वेळात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्रायणी परत टेबलापाशी उभी होती. पहिले आठ दिवस लोक किंचाळले. मग सवय झाली, माणसाला सवय कशाची होत नाही? शिवाय स्टाफ कमीच होता.

हजेरीचं यंत्र तिचा अंगठा घेत नाही. थर्मामीटरचा पारा हलत नाही. हात कायम गार, ते तापाच्या बायकांना बरे वाटतात. भूक गेली, तहान गेली. थकवा तेवढा गेला नाही. मरताना जेवढा होता तेवढाच्या तेवढा पिंढऱ्यांत, कमरेत, डोळ्यांमागं बसलेला आहे, आणि झोप मात्र येत नाही. तिच्या अंगात पाच वर्षं दुपारचा दीडच वाजलेला आहे. डॉक्टर मंडळी येता-जाता कौतुक करतात, सिस्टर, तुम्ही आहात म्हणून वॉर्ड चाललाय. मुडदा बशिवला त्या कौतुकाचा!

उंबऱ्यापलीकडं तिचं पाऊल पडत नाही. नवरा होटगीला रेल्वेत. पहिल्या वर्षी तो लेकीला, ज्ञानदाला, कडेवर घेऊन आला, जिन्याच्या तोंडाशीच थांबला. आई घरी कधी येणार, असं पोरीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, ड्युटी संपली की. पुढच्या वर्षी एकटाच आला आणि खाली बघत दुसऱ्या लग्नाचं बोलला. “करा की,” इंद्रायणी म्हणाली, “पोरीची वेणी कोण घालणार?” तिला राग आला नाही, वाईट मात्र फार वाटलं. रडायला गेली तर डोळ्यांतून पाणीच येईना. त्यानंतर कुणी आलं नाही.

राग होता तो एकाच माणसावर. लीलाताईंची त्या प्रकरणानंतर वळसंगच्या दवाखान्यात बदली झाली होती. वर्षापूर्वी त्या इनचार्ज होऊन परत आल्या आणि खालच्या मजल्यावर बसू लागल्या. वर्षभरात एकदाही जिना चढल्या नाहीत. गुडघे दुखतात, म्हणे. इंद्रायणीनं निरोप धाडले, चिठ्ठ्या धाडल्या, एकदा तर फोनवर चार शब्द सुनावले. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला आणि फोन ठेवला गेला.

आज खाली लीलाताईंचा निरोप समारंभ चालू होता. माईकचा आवाज जिन्यातून वर येत होता. बारा वाजता इंद्रायणीनं कमरबी मावशीला खाली पाठवलं.

मावशी अर्ध्या तासानं आली ती तोंडात पेढा घोळवत.

“नै आती बोली,” तिनं सांगितलं. “मैं बोली, बाई, पाच मिनटांचं काम हाय. तर रडायला लागली. सगळे समजले रिटायर होतीय म्हणून रडतीय. फोटो काढले.”

“तू काय म्हणालीस?”

“क्या बोलूं? शाल सारखी करून दिली आन आले.”

इंद्रायणी टेबलाला टेकली. साडेबारा झाले होते. एक वाजला. तिनं सहा नंबरचं सलाईन बदललं, दोन नंबरच्या म्हातारीला कुशीवर वळवलं, शिवबाईच्या कपाळावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. हात कामं करत होते आणि मन म्हणत होतं, झालं, संपलं, आता अशीच दोनशे वर्षं, वॉर्ड पडेल, नवा बांधतील, त्यातही तू अशीच उभी. तिला भीती वाटली. मेल्यानंतर पहिल्यांदाच इतकी स्पष्ट भीती वाटली.

“सिस्टर,” मावशी फरशी पुसता पुसता म्हणाली, “तुम गये तो उस पिशवीवाले को कौन रोकेगा?”

“बघतील दुसऱ्या.”

“दुसऱ्यांना दिसत नै.”

“तुला तरी कुठं दिसतो?”

“नै दिसता. तरी झाडू लेके दरवाजे में बैठूंगी. लागली तर लागली त्याला.”

इंद्रायणीला हसू आलं. त्याच वेळी जिन्यात पायांचा आवाज झाला. एक पायरी, थांबणं, मग दुसरी पायरी. गुडघे खरंच दुखत होते तर.

लीलाताई दारात आल्या. खांद्यावर समारंभाची शाल, हातातल्या पिशवीत नारळ, केसांत कुणीतरी माळलेला गजरा. रडून डोळे सुजलेले. अठ्ठावन्न वर्षांची ती बाई चौकट धरून उभी राहिली आणि आत येईना. घड्याळात एक चाळीस झाले होते.

“या,” इंद्रायणी म्हणाली. “पाच वर्षं उशीर झालाय. पण या.”

“बोल गं, काय बोलायचं ते बोल.”

“मला बोलायचं नाही. खूप बोलून झालंय मनात. ओव्हर घ्या नि मला मोकळं करा.”

लीलाताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. मावशीनं कपाटातून त्या वर्षीची वही काढून आणली. पाच वर्षांत ती कुणी उघडली नव्हती, पानं चिकटली होती. लीलाताईंनी पेन काढलं आणि दोघी एक नंबरपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“बेड एक. गंगूबाई म्हेत्रे, एकाहत्तर. ऑक्सिजन पाच लिटर. दहाचं इंजेक्शन दिलंय, पुढचं सहाला.”

“सहाला. घेतलं.”

“बेड दोन. साळूबाई, पासष्ट. रात्रभर घाबरतीय, हात धरला की शांत होते. तिला एकटं सोडायचं नाही.”

“नाही सोडत. घेतलं.”

बेडांवर आजच्या बायका पडल्या होत्या आणि आपल्याबद्दल भलतंच ऐकून बिचकत होत्या. चार नंबरपाशी इंद्रायणीनं साखर साडेतीनशे सांगितली तेव्हा शिवबाई कोपरावर उठली.

“मला कुटं साखर हाय वं? कवाच नव्हती!”

“तुम्हाला नाही हो, आजी. तुमच्या आधीच्या बाईंना.”

“मग तिला सांगा की तितं जाऊन,” असं म्हणून शिवबाई परत आडवी झाली.

लीलाताई क्षणभर हसल्या आणि लगेच तोंड मिटलं. पाच, सहा, सात. इंद्रायणीला एकही नाव आठवावं लागत नव्हतं, पाच वर्षं ती ही अकरा माणसं रोज मनात म्हणत होती. आठ झालं. दोघी नऊपाशी आल्या. बेड रिकामा होता, सकाळीच डिस्चार्ज झालेला, गादीवर धुतलेली चादर ताणलेली.

लीलाताईंनी त्या चादरीची कड उगाच सारखी केली.

“बेड नऊ,” इंद्रायणी म्हणाली. आवाज साधा ठेवायचा असं तिनं ठरवलं होतं, तो तसा राहिला. “भागव्वा पुजारी, बेचाळीस. अक्कलकोटकडच्या. मराठी कमी समजतं, कन्नडात बोलायचं. सॅच्युरेशन चौऱ्याऐंशी. पाइपलाइनला दाब नाही म्हणून सिलेंडरवर घेतलंय. ते साडेतीनला संपेल, त्याआधी दुसरं लावायचं. दुसरं भरलेलं सिलेंडर लिननच्या खोलीत आहे, मळक्या चादरींच्या गाठोड्यांमागं. बाकीच्या वॉर्डांतले पळवून नेतील म्हणून मी लपवलंय. कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त तुम्हालाच...”

“माहीत आहे,” लीलाताई म्हणाल्या.

“तुम्हाला कसं माहीत?”

लीलाताई रिकाम्या बेडच्या कडेवर बसल्या. ड्युटीवर पेशंटच्या बेडवर बसायचं नसतं, हे त्यांनीच दहा बॅचना शिकवलं होतं.

“मी आले होते.”

“कधी?”

“त्याच दिवशी. पावणेदोनला. मला ताप नव्हता, इंद्रायणी. मीपण चार दिवस डबल करत होते, रात्री दोन तास पडून परत आले होते. येऊन बघते तर तू टेबलावर डोकं ठेवून झोपलेली. तुझ्या चेहऱ्याकडं बघवेना. म्हटलं, झोपू दे पोरीला पंधरा मिनिटं. उठली की घेईन ओव्हर.” त्यांनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. “एक फेरी मारली. सगळ्यांचा ऑक्सिजन चालू होता, काटा वर होता. तुझी झोप मोडायला नको म्हणून खुर्चीसुद्धा ओढली नाही. लिननच्या खोलीत गाठोड्यावर जाऊन टेकले. दार उघडंच ठेवलं होतं, तू उठलीस तर कळावं म्हणून. आणि मलाच डोळा लागला.”

पलीकडं मावशीचं पोतेरं फरशीवर थांबलं होतं.

“पाठीला काहीतरी गार लागत होतं. झोपेत बरं वाटत होतं गं. साडेचारला जाग आली तेव्हा बघितलं, सिलेंडर. भरलेलं. बाहेर आले तर नऊ नंबर संपलेली, आणि तुला हलवलं तर तू...” त्यांनी टेबलाकडं बघितलं. “मागच्या जिन्यानं घरी गेले. आले नाही म्हणून सांगितलं. आले होते आणि झोपले होते, हे कुठल्या तोंडानं सांगू? गैरहजरीचा शिक्का त्यापेक्षा बरा वाटला.”

पाच वर्षं इंद्रायणीनं या बाईला मनात शिव्या दिल्या होत्या. आज ती खरी भित्री निघाली असती, आळशी निघाली असती, तर सोपं गेलं असतं. तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. सिलेंडर लपवलं होतं ते याच हातांनी, आणि कुणाला न सांगताच डोकं टेकलं होतं. भागव्वाला न्यायला त्या दिवशी कोण आलं असेल, दारात अडवायला कुणीच नव्हतं. तिला इतकं दुःख झालं की ती जाऊन लीलाताईंच्या शेजारी बेडवर बसली.

“मीच लपवलं होतं ताई.”

“तू पेशंटसाठी लपवलंस.”

“आणि तुम्ही माझ्यासाठी बसलात.”

घड्याळात एक बावन्न झाले.

“एक विचारायचंय,” लीलाताई म्हणाल्या. “त्यासाठीच वर येत नव्हते. विचारायला लागेल म्हणून. खरं सांगशील?”

“विचारा.”

“मी आले तेव्हा तुझा गाल वहीच्या कडेवर रुतला होता. एक घडीची चादर आणून मी तुझ्या डोक्याखाली सरकवली. तेव्हा तू... म्हणजे तेव्हा मी तुला हलवलं असतं, डॉक्टरांना हाक मारली असती, तर?”

इंद्रायणीला ती चादर आठवली. या क्षणापर्यंत आठवली नव्हती, आता आठवली. नुकती इस्त्री होऊन आलेली, साबणाचा वास असलेली. अर्धवट झोपेत तिनं गाल वळवून तिची गार बाजू शोधली होती, आणि कुणी दिली असेल याचा विचार न करता तिला फार बरं वाटलं होतं. छातीत तेव्हाही दुखत होतं. हाक ऐकू आली असती.

“मी दीडलाच गेले होते, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही यायच्या आधीच.”

“नक्की?”

“मेलेलीला विचारताय, नक्की का म्हणून! मी नाही तर कोण सांगणार?”

लीलाताईंच्या छातीतून केवढा तरी श्वास बाहेर पडला. पाच वर्षं तो आत कोंडलेला असावा. त्यांनी चेहरा पुसला, गुडघ्यांवर हात दाबून उठल्या आणि पेन सरसावलं.

“बेड नऊ. दुसरं सिलेंडर लिननच्या खोलीत, गाठोड्यांमागं. साडेतीनच्या आत लावायचं,” त्या म्हणाल्या. “लावते. घेतलं.”

दहा झालं. अकरा झालं. टेबलापाशी येऊन लीलाताईंनी वही पुढं ओढली. सहीखाली वेळेची जागा होती. तिथं क्षणभर पेन थांबलं, मग त्यांनी त्या एप्रिलमधली तारीख लिहिली आणि पुढं स्पष्ट अक्षरात पावणेदोन लिहिलं. आता ते कुणी वाचो, चौकशी लागो, काय व्हायचं ते होवो. इंद्रायणीनं बघितलं आणि अडवलं नाही.

घड्याळात दोनला तीन मिनिटं कमी होती. लीलाताईंनी वही मिटली आणि ओव्हर घेणारी सिस्टर शेवटी विचारते ते विचारलं.

“सगळं सांगितलंस ना? अजून काही?”

ओव्हर पेशंटांची असते. सिस्टरची कुणी देत नाही, कुणी घेतही नाही. इंद्रायणीनं त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली.

“काही नाही,” ती म्हणाली. “एवढंच.”

मग तिनं दार उघडलं आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.